चौथी बाजू

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे रेघताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सव्वीस वर्षं ती नकाशा विभागात ट्रेसर होती. ट्रेसर म्हणजे काय, तर साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पातळ, आरपार दिसणारा कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ वरच्या कागदावर शाईने जशीच्या तशी उतरवायची. कुठल्या रस्त्याखालून किती जाडीचा पाइप जातो, व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठली टाकी कुठल्या वस्तीला पाणी देते, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. स्वतःच्या मनाने एक रेघ जास्त ओढायची नाही की एक गाळायची नाही. पण जी ओढायची ती अशी, की नवा आलेला इंजिनिअर हौसेने भिंग लावून चूक शोधायला बसायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत नाद सोडायचा.

नकाशा दोन टेबलं व्यापील एवढा असला तरी त्यात तिच्या मालकीची जागा काडेपेटीहून लहान. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. तिथे ‘काढणार’ या शब्दासमोर ती आपल्या नावाची दोन अक्षरं घाली. चौकट भरल्याशिवाय नकाशा पुरा झाला असं कुणी धरतच नसे. साहेब एक वेळ चालवून घेतील, पण छपाईच्या खोलीतले अमोनियाकाका? नाव नको.

अमोनियाकाका नकाशांच्या निळ्या प्रती काढत. त्यांच्या यंत्राला अमोनियाचा असा दर्प होता की दारातच डोळ्यांना धार लागे. तीस वर्षं तो दर्प छातीत भरून घेतल्यावर व्हायचं ते झालं, काकांना कायमचा खोकला जडला. काकांची रीत ठरलेली. कागद हातात आला की नकाशाकडे बघायचंच नाही, आधी उजवा कोपरा गाठायचा. अक्षरं असली तर त्यांच्या शेजारी पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण करायची आणि कागद यंत्रात सोडायचा. नसली तर कागद परत. “बेवारस पोर मी सांभाळत नाही,” असं म्हणायचे आणि मग पाच मिनिटं खोकायचे.

पुढे कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग बोर्ड एका दुपारी मागच्या जिन्याखाली नेऊन टाकले, अमोनियाचं यंत्र भंगारात गेलं आणि ज्यांचं काय करावं हे कुणाला सुचत नव्हतं अशा या दोघांची रवानगी रेकॉर्डरूममध्ये झाली. जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या सोडायच्या, धूळ पुसायची, चिठ्ठी चिकटवायची आणि स्कॅनिंगला पाठवायच्या. रेघताई दिवसभर आपलीच अक्षरं उलगडत बसे. हे वीस वर्षांपूर्वीचं, हे आप्पा, तिचे वडील, गेले त्या आठवड्यातलं. स्कॅन झालेले कागद रद्दीत जात. तिला ते बघवत नसे, पण बघायला तीच होती.

एका दुपारी काकांनी वर्तमानपत्राचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. चित्रशाळेचा संध्याकाळचा अभ्यासक्रम, जागा तीस, वयाची अट पंचेचाळीस.

“तुला किती झाली?” काकांनी विचारलं.

“चार महिन्यांनी पंचेचाळीस पुरी.”

“म्हणजे यंदा बसतेस.”

“काहीतरीच काय काका, पोरासोरांत जाऊन बसू?”

“मग काय, इथे माझ्याबरोबर बसून धूळ खाणार? मी दोन वर्षांत सुटतोय. मग कुणाशी बोलशील, गुंडाळ्यांशी?”

ती हसली, पण तुकडा तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. काकांना ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट होती. याच चित्रशाळेचा अर्ज तिने अठराव्या वर्षी भरला होता. चित्रही काढलं होतं, गुंडाळी करून दाराशी उभी ठेवली होती. ते द्यायला निघायच्या सकाळी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. पुढची गोष्ट कुणीही सांगेल. आई म्हणाली, एक वर्ष नोकरी कर, मग बघू. आप्पा आठ वर्षं अंथरुणात होते. ते गेले तोवर ‘मग बघू’ हे शब्द घरात कुणी काढेनासं झालं होतं. गुंडाळी माळ्यावर गेली आणि तिथे तिला वाळवी लागली.

अर्ज आणल्यावर तिने तो घरी लपवून ठेवला. आईने दोन दिवसांत शोधून काढला. आईचे गुडघे गेले होते, चार पायांचा वॉकर घेतल्याशिवाय मोरीपर्यंतही जाता येत नव्हतं, पण घरात काय लपवलंय हे तिला पलंगावरून कळे. चष्मा नाकावर चढवून तिने सगळे नियम बातम्या वाचाव्यात तसे मोठ्याने वाचले.

“विषय: घरातली अशी एक जागा, जिथे कुणी बसत नाही. आता हा काय विषय झाला! नियम सात: चित्राच्या दर्शनी बाजूवर नाव, सही अथवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण आढळल्यास चित्र बाद होईल. का बरं? चोरीचा माल आहे की काय?”

“वशिला चालू नये म्हणून, आई. नाव मागे चिठ्ठीवर लिहायचं असतं.”

“असं होय.” आईने कागद नीट घडी केला. मग खाली बघत म्हणाली, “या खेपेला मी काही आडवं येणार नाही हो.”

 रेघताईने उठून डाळीचा गॅस बारीक केला.

काढायला बसली आणि सगळी पंचाईत झाली. पहिल्या रविवारी तिने कपाटाचा माथा काढला, कारण तिथे कुणी बसत नाही हे तर उघडच आहे. सोमवारी कागद काकांना दाखवला. काकांनी तो लांब धरला, जवळ धरला.

“सुताराला दे. उद्या संध्याकाळपर्यंत कपाट करून आणेल. चित्र कुठाय?”

खरंच होतं ते. कपाट मापात होतं, कोन काटकोनात होते, बिजागरीचे स्क्रूसुद्धा मोजून चार. पण त्यात कुणाचं घर नव्हतं. पुढच्या खेपेला तिने जिन्याची शेवटची पायरी काढली. तीही मापात आली. पट्टीशिवाय काढायला गेली तर हात थरथरे. सव्वीस वर्षं ज्याच्या खाली दुसऱ्याची रेघ होती, त्या हाताला कोऱ्या कागदावर कुठे जावं तेच कळत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. आपल्याला काढता येतं असं आपण उगाच धरून चाललो होतो, आपल्याला फक्त गिरवता येतं, असं तिच्या मनाने घेतलं.

“तुझी ती पट्टी आण इकडे,” एक दिवस काका म्हणाले. तिने दिली. टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, सगळंच त्यांनी मागून घेतलं, रेकॉर्डरूमच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

“काका, सरकारी सामान आहे ते.”

“मग सरकारी कपाटातच ठेवलंय. चित्र होईपर्यंत मिळणार नाही.”

दोन रविवार फुकट गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी आईच्या हातातला चमचा निसटला आणि जेवणाच्या टेबलामागे जाऊन पडला. टेबल भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं, कितीतरी वर्षं. कुणी हलवत नसे, रंगारी आले तेव्हा त्यांनीही टेबलाच्या वरवरच भिंत रंगवली होती. रेघताईने दोन्ही हातांनी टेबल ओढलं. ते कुरकुरत हातभर पुढे आलं. मागे जुन्या हिरव्या रंगाचा पट्टा उघडा पडला, जाळीजळमटं, एक बटण, तो चमचा. आणि त्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला दोन घासटलेले डाग. एकाच उंचीवर, वीतभर अंतराने. रंग जाऊन आतला चुना दिसत होता.

“हे कसलं गं, आई?”

आईने पलंगावरूनच मान उंच केली. “तुझ्या खुर्चीचं. दुसऱ्या कुणाचं असणार? ती मागे रेलून बसायची सवय. कितीदा ओरडले, भिंत खराब होते म्हणून.”

रेघताई चमचा हातात घेऊन तशीच ओणवी राहिली. तिला आठवतच नव्हतं. मग हळूहळू आठवलं. टेबलाला चार बाजू होत्या. आप्पांची दाराकडची, आईची गॅसजवळची, धाकट्या भावाची खिडकीकडची आणि तिची ही, भिंतीकडची. आप्पांचा पलंग या खोलीत आणायचा म्हणून टेबल सरकवलं. खुर्ची पलंगाशी गेली, औषधाचं ताट ठेवायला. आप्पांनी हाक मारली तर पटकन जाता यावं म्हणून ती ओट्याशी उभ्याने जेवायला लागली, थोडे दिवस म्हणून. आप्पा गेले, भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी गेला, त्याच पलंगावर आता आई झोपते. थोडे दिवस काही संपले नाहीत. आपल्याच घरात आपली बसायची जागा कधी गेली, हे तिला त्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं.

ती रडली नाही. तिने कागद आणला, जमिनीवर बसली आणि काढायला लागली.

टेबल तसंच पुढे ओढलेलं राहिलं. पाच रविवार आणि रोज सकाळी कचेरीला जाण्याआधीचा तास. त्या टेबलामुळे आईची मोरीची वाट अडली होती. वॉकर आडवा धरून, अंग चोरून तिला जावं लागे. दोनदा गुडघा टेबलाच्या पायावर आपटला. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी दिवसभर ऐकवणारी बाई, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा म्हणाली, “माझी वाटच चुकली तेव्हा,” आणि ते टेबलाबद्दल नव्हतं.

या वेळी हात थरथरला तरी रेघताईने थरथरू दिला. टेबलाची कड सरळ आली नाही, बसकी आली, खरीही तशीच होती. भिंतीवरचे दोन डाग काढताना तिने शाई लावलीच नाही, नुसता कागद मोकळा सोडला आणि भोवतीचा जुना रंग बारीक रेघांनी भरत नेला. हजारो रेघा. जवळून पाहिलं तर कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटावं, इतके ते डाग कोरे दिसत होते. खुर्ची तिने काढली नाही. काढली असती तर बसायला जागा आहे असं वाटलं असतं.

शेवटच्या रविवारी सकाळी चित्र संपलं. ती मागे सरून भिंतीला टेकली आणि बराच वेळ बघत राहिली. आईला दाखवलं. आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, “मला बघवत नाही गं. पण चांगलं झालंय.” रेघताईला इतकं हलकं वाटलं की स्वयंपाक करताना ती काहीतरी गुणगुणत होती. दुपारी तिने कागदाच्या कडा पुसल्या, एकदोन ठिकाणी शाई पसरली होती ती अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडली, खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, दोन अक्षरं घातली, पेन धुतलं आणि कापडावर पालथं ठेवलं.

तुमच्या लक्षात आलं. तिच्या नाही आलं. नियम सात तिला पाठ होता, आणि हातही तिचाच होता. पण त्या हाताने सव्वीस वर्षांत कुठला कागद असा सोडलेला नव्हता. दाराला कडी घातली का हे बाहेर पडल्यावर आठवत नाही ना, तशातलं ते.

सोमवारी तिने चित्र काकांपुढे उलगडलं. काकांनी आधी, अर्थातच, उजवा कोपरा पाहिला. अक्षरं होती. टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी शेजारी बरोबरची बारीक खूण केली. मग चित्र पाहिलं. बघता बघता त्यांना खोकल्याची उबळ आली, की त्यांनी ती आणली, कोण जाणे. रुमालाने डोळे पुसत म्हणाले, “काय खोकला तरी! रेघताई, हे बघ, हे मात्र चित्र आहे.” खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. त्या खोलीत इतका आनंद आधी कधी झाला नव्हता, आणि दोघं बिचारी नकाशासारखाच तो कागद पास करून बसली होती.

काकांनीच गुंडाळी केली, वरून वर्तमानपत्र लावलं. चित्रशाळेच्या खिडकीत ती गुंडाळी न सोडताच घेतली गेली. मागच्या चिठ्ठीवर नंबर पडला, पोच मिळाली.

यादी तीन आठवड्यांनी लागली. जेवणाच्या सुट्टीत ती गेली. यादीत तीस नंबर होते, तिने ते वरून खाली आणि खालून वर वाचले. मग कार्यालयात गेली. तिथल्या लिपिक बाई डबा खात होत्या. त्यांनी हात धुतले, कपाटातून गठ्ठा काढला आणि त्यातून तिची गुंडाळी ओढली.

“बाद झालंय हे. नियम सात.”

“मी नाव नाही घातलेलं.”

लिपिक बाईंनी कागद टेबलावर पसरला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा गोल होता. गोलात चौकट, चौकटीत दोन अक्षरं आणि शेजारी बरोबरची बारीक खूण.

“एक सोडून दोन खुणा आहेत, बाई. ही अक्षरं, आणि हे काय कुणी बरोबर दिलंय. परीक्षकांना वाटलं, आतल्या कुणाला तरी इशारा असेल.”

 रेघताईने त्या खुणेकडे पाहिलं. ती खूण तिने अंधारातसुद्धा ओळखली असती.

“हे खरवडता येतं,” ती एकदम म्हणाली. “माझ्याकडे ब्लेड आहे. दोन मिनिटं द्या, कळणारसुद्धा नाही.”

“यादी लागली ना, आता काय उपयोग?” लिपिक बाई वाईट नव्हत्या. चिठ्ठी काढायला त्यांनी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने तीन हा आकडा लिहून खोडलेला होता. “पहिल्या चाळणीत तिसरं आलं होतं,” त्या हळू म्हणाल्या. “कोपरा नंतर दिसला असेल कुणाला तरी. पुढच्या वर्षी भरा की.”

“पुढच्या वर्षी वयात बसत नाही.”

लिपिक बाईंनी अर्जावरची जन्मतारीख वाचली. गुंडाळी त्यांनी स्वतः नीट करून दिली.

रेकॉर्डरूममध्ये काका वाटच बघत होते. तिचा चेहरा पाहूनच ते उठून उभे राहिले.

“नाही लागला नंबर,” ती म्हणाली.

“असं कसं? दाखव बघू चित्र. काय लिहिलंय त्यांनी?”

“ठेवून घेतलं त्यांनी. परत देत नाहीत.”

गुंडाळी तिने येतानाच बाहेर पहारेकऱ्याकडे ठेवली होती. काका तावातावाने परीक्षकांना बोलत राहिले. डोळे फुटलेत मेल्यांचे, एवढं चित्र दिसलं नाही, मी जाऊन विचारतो, तीस वर्षं कागद बघितलेत मी. बोलता बोलता खोकला लागला. तिने पाण्याचा ग्लास भरून दिला, पाठीवरून हात फिरवला. सांगितलं असतं तर त्या माणसाने ती खूण मरेपर्यंत छातीवर वागवली असती. तिथे आधीच जागा नव्हती.

“जाऊ द्या काका,” ती म्हणाली. “जमलं नसेल मला.”

हे खोटं बोलताना तिला जेवढं लागलं तेवढं त्या लाल गोलाने लागलं नव्हतं.

घरी आल्यावर आईला तिने खरं ते सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ पलंगाच्या चादरीवरची सुरकुती बोटाने सरळ करत राहिली.

“म्हणजे चित्र चांगलं होतं.”

“तिसरं आलं होतं.”

“आणि नाव घातलं म्हणून गेलं.”

“हो.”

आई रडायला लागली. आप्पा गेले तेव्हाही ती असं उघड रडली नव्हती. “मीच तुला त्या नोकरीला चिकटवलं,” एवढंच ती परत परत म्हणत होती. रेघताईने तिचे डोळे पुसले, गुडघ्यांना तेल लावलं. डाव्या गुडघ्यावर टेबलाचा मार काळानिळा उमटला होता. मग गुंडाळी तिने गादीखाली सरकवली, उठली आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावले.

“राहू दे ना ते,” आई म्हणाली. “खुर्ची आण, तिथे बस. मला काही अडत नाही.”

“अडतं. गुडघा बघ तुझा.”

टेबल कुरकुरत मागे गेलं. हिरवा पट्टा झाकला, ते दोन डागही झाकले. रेघताईने तीन बाजूंना फडकं मारलं. आईचं ताट वाढून टेबलावर ठेवलं, तिला हात धरून उठवून बसवलं, पाणी दिलं. आपलं ताट घेऊन ती ओट्याशी गेली.

“उभ्याने जेवू नकोस गं,” आई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली.

“झालंच माझं,” रेघताई म्हणाली आणि पहिला घास घेतला.